उचलीची साखळी आणि कामगार संघटनांचे कर्तव्य

राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात निषिद्ध ठरविल्या आहेत. ज्या देशात माणूस शतकानुशतके जन्माने, जातीने आणि कर्जाने बांधला गेला, त्या देशाची घटना लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होते की, माणूस विकला जातो तो राबवून घेण्यासाठीच, आणि फुकट राबविला जाणारा माणूस कोठे तरी आधी विकला गेलेला असतो. स्वातंत्र्यानंतरच्या राज्यकारभाराने मात्र हे वाक्य मधोमध तोडले. माणसांचा व्यापार हा विषय पोलिसांकडे आणि महिला-बालकल्याण खात्याकडे गेला. वेठबिगारी महसूल खात्याच्या दप्तरात जाऊन पडली. मजुरीचा प्रश्न कामगार आयुक्तांच्या वाट्याला आला. या तिन्ही कचेऱ्यांच्या मध्ये जी फट राहिली, तिच्यातून आज लक्षावधी माणसे नाहीशी होत आहेत. खेदाची गोष्ट अशी की, कामगार चळवळीनेही ही वाटणी मुकाट्याने स्वीकारली. माणसांचा व्यापार हा आपला विषय आहे असे आपल्या बहुसंख्य संघटनांना अद्याप वाटत नाही.

तो आपला विषय कसा आहे, हे सांगण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. २०२३ च्या जून महिन्यात धाराशिव जिल्ह्यातील ढोकी पोलिसांनी विहिरी खोदण्याच्या कामावरून अकरा मजुरांची सुटका केली. कामाच्या शोधात निघालेले हे मजूर दलालांमार्फत ठेकेदारांच्या हाती पडले होते. दिवसभर विहिरीत उतरवून त्यांच्याकडून काम करून घेतले जाई आणि रात्री पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना साखळदंडांनी बांधून ठेवले जाई. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ साली, नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांची लहान मुले किरकोळ रकमेच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबण्यास दिली गेल्याचे उघडकीस आले, आणि तेही एका मुलीचा जीव गेल्यानंतर. वृत्तपत्रांनी दोन दिवस मथळे दिले, मंत्र्यांनी चौकशीची आश्वासने दिली, आणि नंतर सारे शांत झाले. साखळदंड दिसला की समाजाला धक्का बसतो. परंतु जी साखळी दिसत नाही, जी हिशेबाच्या वहीत असते, तिच्याविषयी हाच समाज निर्धास्त असतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये कोणत्याही एका दिवशी जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती. त्यांपैकी ६३ लाख लैंगिक शोषणाच्या बाजारात होती, तर १ कोटी ७३ लाख खासगी क्षेत्रातल्या इतर कामांत, म्हणजे शेती, बांधकाम, कारखाने, घरकाम यांत होती. याच संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे सक्तीच्या श्रमातून दरसाल २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा उकळला जातो. म्हणजे हा काही मूठभर गुंडांचा चोरटा धंदा राहिलेला नाही; नफ्यावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेचे ते एक अंग आहे. आणि जेथे नफा श्रमातून निघतो, तेथे पहिला पहारा श्रमिकांच्या संघटनेचाच असला पाहिजे.

वहीतली साखळी

महाराष्ट्रात या साखळीचे सर्वांत मोठे रूप कोणते, असे विचारले तर आम्ही ऊसतोडीकडे बोट दाखवू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव आदी जिल्ह्यांतली गावेच्या गावे ओस पडू लागतात. ट्रक आणि ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांतून संसार, जनावरे आणि लेकरे भरून माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्याकडे निघतात. राज्यातल्या ऊसतोड कामगारांची संख्या दहा लाखांच्या घरात असल्याचे सामान्यतः मानले जाते; नेमकी मोजणी नाही, हीच गोष्ट त्यांच्या स्थानाविषयी पुरेशी बोलकी आहे.

या कामाची घडी अशी आहे. पावसाळ्यात घरात धान्य नसते, मुलीचे लग्न किंवा आजारपण डोक्यावर असते. त्या वेळी मुकादम उचल देतो. उचल एका माणसावर मिळत नाही. ती ‘कोयत्या’वर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. बाईचे श्रम कोयत्यात मोजले जातात, पण रक्कम पुरुषाच्या हाती पडते आणि तिचे नाव वहीतही नसते. जोडपे असल्याशिवाय पूर्ण कोयत्याची उचल मिळत नाही, म्हणून शाळेतल्या पोरींची लग्ने उरकली जातात. मग पाच-सहा महिने फडात राबायचे. पहाटे तोडणी, मोळ्या बांधणे, डोक्यावरून त्या वाहनात चढविणे, आणि वाहन रात्री येवो की मध्यरात्री, ते भरून देणे. कोपीत पाणी नाही, दिवा नाही, संडास नाही. आजारी पडून काम चुकले तर खाडा लागतो, आणि त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड अंगावर चढतो. पट्टा पडतो तेव्हा हिशेब मुकादम सांगेल तो. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि माणूस पुढच्या हंगामासाठी आधीच बांधला गेलेला असतो. बाकीच्या वसुलीसाठी मजुराला किंवा त्याच्या नातलगाला डांबून ठेवल्याचे गुन्हेही पोलीस दप्तरी नोंदले गेले आहेत.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जे आकडे आले, त्यांनुसार ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली होती. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, दुखणे अंगावर काढता येत नाही, आणि खासगी दवाखान्यांनी या भीतीचा बाजार मांडला, असे त्या आकड्यांचे अर्थकारण आहे. शरीराचा एक अवयव कामाच्या अटीपायी गमवावा लागतो, त्या कामाला ‘करार’ म्हणायचे की आणखी काही, याचे उत्तर कायदेपंडितांनी देण्यापूर्वी कामगार चळवळीने दिले पाहिजे होते.

काही जण म्हणतात की, ऊसतोड मजूर स्वतःच्या इच्छेने जातो, उचल स्वतः मागतो. मग यात व्यापार कोठे आला? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच देऊन ठेवले आहे. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी स्पष्ट केले की, सक्ती केवळ दंडुक्याची नसते. भूक आणि दारिद्र्य यांनी माणसापुढे दुसरा मार्गच ठेवला नसेल तर तीही सक्तीच होय, आणि किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबविणे हे तेविसाव्या कलमाचा भंग करणारे सक्तीचे श्रम ठरतात. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात, १९८३ च्या डिसेंबरमध्ये, न्यायालय आणखी पुढे गेले: मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात आहे असे दिसले, तर ते उचलीच्या किंवा अन्य आर्थिक मोबदल्याच्या बदल्यातच घेतले जात असल्याचे गृहीत धरावे, असे त्याने सांगितले. गरजेचा फायदा घेऊन माणूस मिळविणे, त्याला दूर नेणे आणि तेथे त्याला बांधून राबविणे, या तीन पायऱ्या एकत्र आल्या की माणसांचा व्यापार पूर्ण होतो. भारतीय दंडसंहितेच्या ३७० व्या कलमात २०१३ साली हीच व्याख्या आली आणि आज ती भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात आहे. प्रत्येक उचल म्हणजे गुन्हा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु जी उचल माणसाला काम सोडून जाऊ देत नाही, ती उचल म्हणजे बेडी होय.

कायदे आहेत, हात नाहीत

१९७६ चा वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा वाचला तर कोणाही कार्यकर्त्याला त्याच्या धारेचे आश्चर्य वाटेल. या कायद्याने वेठीच्या कर्जाची परतफेड करण्याचे दायित्वच संपविले. कर्ज हे वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पंधराव्या कलमाने सावकारावर टाकली. मजुराला काहीच सिद्ध करावे लागत नाही. जिल्हाधिकाऱ्याला व्यापक अधिकार दिले आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमण्यास सांगितले. इतका मजूरधार्जिणा कायदा या देशात क्वचितच झाला असेल. आणि त्याचे फळ काय? १९७८ पासून २०२३ च्या आरंभापर्यंत देशभर मुक्त व पुनर्वसित केलेल्या वेठबिगारांची सरकारी संख्या सुमारे ३ लाख १५ हजार आहे. १९७८-७९ साली गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्था यांनी केलेल्या पाहणीत दहा राज्यांतच सुमारे २६ लाख वेठबिगार असल्याचा अंदाज निघाला होता. २०१६ साली केंद्र सरकारने स्वतः जाहीर केले की, २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगारांची मुक्तता करण्यात येईल. उद्दिष्ट कोटींचे आणि पंचेचाळीस वर्षांची कमाई तीन लाखांची! या दोन आकड्यांमधली दरी हीच कायद्याची शोकांतिका आहे.

ही दरी का पडली? कारण कायदा चालविणारे हात गावच्या त्याच समाजरचनेतून आलेले असतात. सावकार, मुकादम, कारखान्याचा संचालक आणि तहसील कचेरी यांचे संबंध सांगण्याची गरज नाही. मजूर एकटा तक्रार करू शकत नाही. तो परमुलखात असतो, त्याची बायकापोरे कोपीत असतात आणि पुढच्या पावसाळ्याची उचल त्याच मुकादमाकडून घ्यावयाची असते. पोलिसांनी धाड घालून सुटका केली तरी मुक्ततेचा दाखला मिळत नाही, आणि दाखल्यावाचून पुनर्वसन नाही. केंद्राच्या योजनेत सुटका झालेल्या मजुराला तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत आहे. एक ते तीन लाखांची खरी रक्कम मात्र आरोपीवरील खटल्याच्या निकालाशी जोडलेली आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो, साक्षीदार फुटतात किंवा पुन्हा कामासाठी परगावी जातात, आणि सुटलेला मजूर त्याच फडात परततो. सुटका ही एका दिवसाची घटना असते; मुक्ती टिकवायची तर पाठीशी कायमची संघटना लागते. धाड घालणारे पोलीस आणि मदत करणाऱ्या स्वयंसेवी संस्था यांच्या कामाचे मोल आम्ही जाणतो. परंतु ते व्यापाराच्या शेवटच्या टोकाला पोहोचतात. भरतीच्या पहिल्या क्षणी, जेथे उचल हातात पडते आणि अंगठा उमटतो, तेथे उभी राहू शकेल अशी एकच संस्था आहे, आणि ती म्हणजे मजुरांची स्वतःची संघटना.

स्थलांतरित मजुरांविषयीचा १९७९ चा कायदा आंतरराज्य होता. बीडचा मजूर कर्नाटकात गेला तर त्या कायद्याच्या कक्षेत येई. तोच कोल्हापुरात किंवा सांगलीत गेला तर येत नसे. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यवसायसुरक्षा संहितेत हा कायदा विलीन करताना ही उणीव भरून काढणे शक्य होते. त्याऐवजी कायदा लागू होण्यासाठी लागणारी मजुरांची संख्या पाचावरून दहावर नेण्यात आली. आंतरराष्ट्रीय पातळीवरही हीच टाळाटाळ आहे. सक्तीच्या श्रमाविरुद्धचा १९३० चा करार भारताने १९५४ साली मान्य केला. पण त्याच कराराला २०१४ साली जोडलेल्या पूरक मसुद्यास, ज्यात प्रतिबंध आणि भरपाईची ठोस बंधने आहेत, भारताने मान्यता दिलेली नाही. संघटनास्वातंत्र्याचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करारही आपण मान्य केलेले नाहीत. जे सरकार संघटनेचा हक्क जागतिक व्यासपीठावर कबूल करीत नाही, त्याने माणसांच्या व्यापाराविरुद्ध कितीही परिषदा भरविल्या, तरी त्यांना अर्थ नाही.

इतिहासाची साक्ष

संघटनेने हे काम करावे, ही काही स्वप्नाळू अपेक्षा नाही. महाराष्ट्राच्या मातीत ते घडलेले आहे. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात वारली आदिवासींवर जमीनदारांची वेठ लादलेली होती, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायको दोघेही जन्मभर राबत; त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरी येथे वारली जमले आणि वेठ करणार नाही असा त्यांनी निर्धार केला. गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर आणि किसान सभेचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले आणि लग्नगडी जमीनदारांच्या दारातून मोकळे झाले. पुढे त्या लढ्याने गोळ्याही झेलल्या. पक्षभेद बाजूला ठेवून प्रत्येक समाजवाद्याने हे ध्यानात ठेवावे की, वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा दिल्लीत होण्यापूर्वी एकतीस वर्षे आदिवासींनी ती पद्धत आपल्या संघटनेच्या बळावर मोडून काढली होती. कर्ज खोटे आहे, हे एकट्याने म्हटले तर मार बसतो. हजारांनी म्हटले की सावकाराची वही निरुपयोगी होते.

१९८२ साली स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेनेही वसई-ठाण्याच्या पट्ट्यात वेठबिगार आदिवासींच्या मुक्ततेसाठी हाच मार्ग चोखाळला: मजुराने स्वतः अर्ज करावयाचा, संघटनेने त्याच्यासोबत तहसील कचेरीत जायचे, आणि मुक्ततेचा दाखला हाती पडेपर्यंत तेथून हलायचे नाही. इगतपुरीच्या कातकरी मुलांचा प्रश्नही याच संघटनेने धसास लावला, हा योगायोग म्हणता येणार नाही.

दुसरा धडा शहरातला आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हाती होती. तो गावाहून माणसे आणी, कर्ज देई, राहण्याची जागा देई आणि पगारातून आपला हिस्सा काढी. १९३१ च्या व्हिटली आयोगाने भरतीचा अधिकार त्याच्याकडून काढून घेण्याची शिफारस केली. गोदीत टोळीवाल्यांचे राज्य होते, पी. डिमेलो यांच्यासारख्या नेत्यांनी गोदी कामगार उभे केले आणि १९४८ च्या कायद्यान्वये गोदी कामगार मंडळे आल्यानंतर कामाची वाटणी टोळीवाल्याच्या हातून मंडळाकडे आली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगार यांच्या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने काय साधले? मालक आणि कामगार दोघांचीही मंडळाकडे नोंद होऊ लागली. मजुरी आणि तीवरील लेव्ही मालकाने मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची सोय त्यातून व्हायची. ज्या हमालाला कोणी मालकच नव्हता, त्याला या कायद्याने मालक मिळवून दिला. पुढे काही ठिकाणी माथाडीच्या नावावर खंडणीखोर शिरले, हे खरे आहे. पण चोर शिरला म्हणून घर पाडायचे नसते.

या दोन्ही धड्यांचा अर्थ एकच निघतो. माणसांचा व्यापार दोन खांबांवर उभा असतो: कर्ज आणि मध्यस्थ. पहिला खांब सामुदायिक नकाराने पडतो. दुसरा पाडायचा तर मध्यस्थाचे काम संघटनेला आणि सार्वजनिक मंडळाला आपल्या हाती घ्यावे लागते. नुसत्या निषेधाने मुकादम जात नाही. त्याची जागा भरून काढावी लागते.

मुकादम कोणाच्या बाजूला?

येथे आपल्याला एका अप्रिय वस्तुस्थितीला सामोरे गेले पाहिजे. ऊसतोड कामगारांचे संप झाले, करार झाले, दरवाढी मिळाल्या. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. ही ३४ टक्क्यांची वाढ लढ्याविना मिळाली नाही, आणि तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु त्याच करारात मुकादमाचे कमिशनही १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले. मजुराचा दर आणि मुकादमाचे कमिशन एकाच टेबलावर, एकाच बाजूने मागितले जाते, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. दोघांनी मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडणारे जोडपे आणि त्यांना बांधून आणणारा माणूस, हे एकाच संघटनेचे सभासद असू शकत नाहीत. गिरणी कामगारांच्या युनियनने जॉबरला अध्यक्ष केले असते तर तिचे काय झाले असते?

यावर उत्तर दिले जाते की, मुकादमही गरिबातूनच वर आलेला असतो, तो मजुरांच्याच जातीचा आणि गावचा असतो, त्याच्यावाचून टोळी उभी राहत नाही. हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच प्रश्न व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे. कारखाना तोडणी-वाहतुकीची वेगळी संस्था काढतो, ती संस्था वाहनमालकाशी करार करते, वाहनमालक मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम मजुराला. या चार पायऱ्यांमुळे कारखान्याच्या हिशेबात ऊसतोड कामगार अस्तित्वातच नसतो. मुकादमाचीही कधी कधी या साखळीत फसगत होते. उचल घेऊन मजूर आले नाहीत तर वाहनमालक त्याच्या दारात उभा राहतो. टोळीला प्रमुख लागेल, तर तो मजुरांनी निवडावा आणि त्याला कामाचा मेहनताना मिळावा. परंतु त्याने सावकार असू नये. कर्ज देणारा आणि काम देणारा एकच असला की माणूस विकत घेतला जातो, हे सूत्र आपल्या संघटनांनी घटनेतच लिहून ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उचल बंद केली तर पावसाळ्यात मजूर खाईल काय? म्हणून उचलीविरुद्ध नुसती घोषणा देणे क्रूरपणाचे ठरेल. दुष्काळी महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तो गावात काम मागण्याचा हक्क माणसाला मिळावा म्हणून. हा हक्क ज्या तालुक्यात जिवंत असतो, तेथे मुकादमाला माणसे स्वस्तात मिळत नाहीत. तेव्हा आषाढ-श्रावणात गावोगाव कामाची मागणी नोंदविणे, ती नाकारली तर बेकारभत्ता मागणे, हे माणसांच्या व्यापाराविरुद्धचे पहिले पाऊल आहे. आणि हंगामापूर्वी आगाऊ रक्कम लागणारच असेल, तर ती कल्याण महामंडळाने किंवा बँकेने, मजुरीतून ठरावीक हप्त्यांनी फिटेल अशा बेताने, पती व पत्नी यांच्या स्वतंत्र खात्यांवर द्यावी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ राज्यात आहे. त्याला माथाडी मंडळासारखे भरतीचे आणि वेतनवाटपाचे वैधानिक अधिकार मिळावेत, ही आपली मध्यवर्ती मागणी असावी. कल्याणाच्या योजना वाटणारे मंडळ मजुराला वसतिगृह देईल, विमा देईल. परंतु त्याची बेडी तोडण्याचे बळ त्याच्या अंगी येणार नाही.

आता करावयाचे काम

या विवेचनातून कार्यकर्त्यांपुढे काही निश्चित कामे उभी राहतात.

पहिले काम गावातले. टोळ्या निघण्यापूर्वी, भाद्रपद-अश्विनात, प्रत्येक गावात जाणाऱ्यांची वही तयार व्हावी. तीत नवऱ्याचे आणि बायकोचे वेगवेगळे नाव, मुलांची नावे, उचलीची रक्कम, मुकादम, वाहनाचा क्रमांक आणि कारखाना नोंदलेला असावा. मुकादमाची वही एकच असते म्हणून ती खरी ठरते. समोर दुसरी वही आली की हिशेब लिहिताना त्याचा हात थबकतो. ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रे देण्याची योजना आहे. ती बाईच्या नावे स्वतंत्र मिळतात की नाही, हे आपण पाहिले पाहिजे.

दुसरे काम कारखान्यावरचे, आणि हे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रत्येक साखर कारखान्यात कायम कामगारांची युनियन आहे. तिच्या सभासदांना पगार, बोनस, ग्रॅच्युइटी यांचे संरक्षण आहे. कारखान्याच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर कोप्यांची वस्ती आहे. तेथल्या बाईने तोडलेला ऊस याच कामगारांच्या काट्यावर वजन होतो. या युनियनने काट्यावर मजुरांचा प्रतिनिधी उभा करण्याचा आग्रह धरला, वस्तीत पाणी आणि दिवा मिळेपर्यंत व्यवस्थापनाशी भांडण मांडले, कोणाला डांबून ठेवल्याची वार्ता कळताच जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार नेली, तर साखळीचा शेवटचा दुवा तेथेच तुटेल. मूळ गावची संघटना आणि कामाच्या ठिकाणची संघटना यांनी हातात हात घेतल्याशिवाय स्थलांतरित मजुराचा लढा पुरा होत नाही. रेल्वे, एस.टी. आणि मालवाहतूक क्षेत्रातल्या युनियनांचाही येथे संबंध येतो. माणसांची ने-आण त्यांच्याच डोळ्यांसमोरून होत असते. घरकाम, वीटभट्टी, कोळसाभट्टी, बांधकाम अशा प्रत्येक धंद्यात हेच सूत्र लागू पडते.

तिसरे काम कायद्याचे. दक्षता समित्यांत कामगार संघटनांसाठी वेगळी जागा नाही. ती मिळावी अशी मागणी करावी, आणि तोवर समाजकार्यकर्त्यांच्या जागांवर आपली माणसे जावीत यासाठी प्रयत्न करावा. सुटकेच्या प्रत्येक प्रकरणात मुक्ततेचा दाखला मागावा आणि मुकादमाशी परस्पर तडजोड करून प्रकरण मिटवू नये. स्थलांतरित मजुराच्या कायद्यातून राज्यसीमेची अट निघावी. कारखाना हाच मुख्य मालक आहे, हे कायद्याने ठरले पाहिजे.

चौथे काम आपल्या स्वतःच्या घरातले. सहकारी कारखान्यांच्या संचालक मंडळांवर पुरोगामी म्हणविणारी माणसे आहेत. व्यासपीठावर समतेची भाषा आणि कारखान्यावर मौन, ही दुटप्पी रीत यापुढे चालू देता कामा नये. आणि संघटनेच्या कार्यकारिणीत ऊसतोड महिला आल्या पाहिजेत, त्याही सन्मानाच्या खुर्चीपुरत्या नव्हे, तर वाटाघाटीच्या टेबलावर. फडात अर्धे काम त्यांचे आहे. फडात त्यांच्यावर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराची तक्रार पुरुष मुकादमाच्या आणि पुरुष पुढाऱ्याच्या तोंडून कधीही बाहेर येणार नाही.

कामगार चळवळीची सुरुवात या एका विचाराने झाली की, श्रम ही बाजारातली इतर मालासारखी वस्तू नव्हे. आज कायम नोकऱ्या आटत चालल्या आहेत, ठेकेदारी वाढते आहे आणि संघटित क्षेत्राचे बेट दरसाल लहान होते आहे. अशा वेळी चळवळीने आपल्या सभासदांच्या भत्त्यापुरतेच पाहिले तर ते बेटही उरणार नाही; कारण कुंपणाबाहेर माणूस उचलीवर मिळत असेल तर कुंपणाआतल्या माणसाला पगार देण्याची मालकाला गरज काय? सर्वांत खाली दबलेल्या मजुराची बेडी तोडणे हा दानधर्म नाही. ते आपल्या सर्वांच्या मजुरीचे रक्षण आहे. येत्या हंगामाच्या टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातल्या साथींनी गावच्या वह्या लिहावयास घ्याव्यात आणि त्या कारखान्यावरच्या साथींच्या हाती पोहोचवाव्यात. ठराव पुष्कळ झाले. आता वहीला वही भिडू द्या.